नंदादीपाशेजारचा फोन

त्या गुरुवारी निघोज्याच्या गावठाणात पाय ठेवायला जागा नव्हती. फर्स्ट शिफ्टच्या बसेस सुटल्या तशी कंपन्यांची पोरं गळ्यातली ओळखपत्रंही न काढता रांगेत येऊन उभी राहिली. टपरीवाल्यानं दुसरी शेगडी पेटवली होती. नारळवाला तर टेम्पोच घेऊन आला होता. नानासाहेबांच्या दारातून निघालेली रांग मारुतीच्या पाराला वळसा घालून पार कारखान्याच्या तारेच्या कुंपणाला जाऊन टेकली होती. एवढी माणसं काय बघायला आली होती? तर एक मोबाईल.

मोबाईल देव्हाऱ्यात होता. पितळी ताटात, लाल मखमलीवर, नंदादीपाला अगदी खेटून. चार्जरची पांढरी वायर देवांच्या पाठीमागून खाली उतरून बोर्डाला गेली होती, आणि त्या वायरीलाही कुणीतरी हळदकुंकू वाहिलं होतं.

"दिसतंय का, माउली? काच बघा, काच!" कोंडीराम महाराज मोरपिसानं दाखवत होता. "कशी उचलली गेलीय! आत जीव मावंना झालाय आता."

काच उचलली होती हे खरं. फोनची कड उकलून नखभर फट पडली होती आणि पाठ गर्भारशीच्या पोटासारखी वर आली होती. हात लावावा तर कोमट लागे. जित्या माणसाच्या अंगाइतका कोमट.

"शरीर म्हणजे काय?" कोंडीराम रांगेला विचारी आणि आपणच उत्तर देई. "कव्हर! आत्मा म्हणजे काय? चार्जिंग! कव्हर जळून गेलं, मग चार्जिंग कुठं जाणार? जिथं जीव अडकला हुता तिथंच की! पोरगं रातंदिस कशात डोकं घालून बसायचं?"

"मोबाईलात!" रांग एका सुरात म्हणे.

"मग! आणि प्राण म्हणजे काय? वायू! हा फुगलाय तो वायूच हाय!"

बोलता बोलता हे शेवटचं वाक्य त्याच्या तोंडून खरं निघून गेलं होतं, पण ते त्या दिवशी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

हा कोंडीराम काही हिमालयातून आलेला नव्हता. पूर्वी तो मोटारसायकलच्या डिकीत नकाशे घालून गुंठ्या-गुंठ्यांचे प्लॉट विकत फिरायचा. एकच प्लॉट दोघांच्या गळ्यात मारल्यावर काही दिवस परागंदा झाला, आणि परतला तो कफनी घालूनच. नानासाहेबांची बाकीची जमीन एमआयडीसीत गेली होती. रस्त्याच्या कडेचा तेवढा एक तुकडा उरला होता. 'रणजीतला बसायला जागा हवी, तिथं मंदिर होऊ द्या,' असं कोंडीरामानं दोनदा सुचवून झालं होतं, आणि आज आरतीनंतर नानासाहेबांनी चारचौघांत तसा शब्द द्यायचा होता.

नानासाहेबांच्या बायकोचं, कौशल्याबाईंचं, ह्यातल्या कशाकडंच लक्ष नव्हतं. त्या देव्हाऱ्यापाशी बसून दिव्यात तेल घालत होत्या आणि फोनकडं बघत होत्या.

रणजीत त्यांचा एकुलता एक मुलगा. चाकणच्या एका कारखान्यात फिटर होता. दिवाळी सरून थोडेच दिवस झाले होते. सेकंड शिफ्ट सुटून घरी येताना मागून कंटेनरनं धडक दिली. पोलिसांनी त्याच्या खिशातल्या वस्तू पिशवीत घालून आणून दिल्या, त्यात हा फोन होता. पोरगं ओळखू येत नव्हतं आणि फोनवर साधा ओरखडा नव्हता.

त्या फोनात आलेला-गेलेला प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होऊन राहायचा. सुनेनं, सायलीनं, तेराव्यानंतर ते सासूला लावून दिले. मग कौशल्याबाई ते स्वतःच लावायला शिकल्या. पहिल्या शिफ्टला डबा विसरलो म्हणून आलेला फोन. पगार झाला, काय आणू म्हणून आलेला फोन. पण बॅटरी पार म्हातारी झाली होती. चार्जरची पिन काढली की फोन त्या क्षणी बंद पडायचा. म्हणून कौशल्याबाईंनी तो चार्जिंगवरून काढलाच नाही. घरातलं माणूस गेलं की त्याच्या जागी दिवा लावतात, विझू देत नाहीत. तेरावं झालं तरी कौशल्याबाईंनी दिवा विझवला नाही, आणि दिव्याशेजारी हा फोनही. त्यांच्या लेखी दोन्ही एकच होतं.

रेकॉर्डिंग मात्र तीच तीच होती. कितीही वेळा लावलं तरी तो तेवढंच बोलायचा, तिथंच हसायचा, तिथंच ठेवायचा. आणि मग एके दिवशी सकाळी फुलं वाहताना त्यांना दिसलं की काच वर आलीय. त्यांच्या हातातलं तबक खाली पडलं. कारण हे जुनं नव्हतं. पोरगं गेल्यावर पहिल्यांदा त्याच्याकडून काहीतरी नवं आलं होतं.

सायली जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायची. ती धावत आली, फोन बघितला आणि म्हणाली, "आई, बॅटरी फुगलीय. हे धोक्याचं आहे. आधी पिन काढू या."

"तुला लई घाई झालीया त्याला बंद करायची," कौशल्याबाई म्हणाल्या होत्या.

संध्याकाळी सायली पिशवी भरून देहूरोडला माहेरी गेली. ती गेली आणि दुसऱ्याच दिवशी कोंडीराम आला. फोन बघून त्यानं डोळे मिटले, मग सगळ्यांसमोर पिन उपसली. पडदा काळा झाला. बायका किंचाळल्या. त्यानं पिन परत लावली, उजेड आला.

"बघितलं? पिन काढली, डोळे मिटले. लावली, उघडले. ध्यानात ठेव आक्का, ज्या दिवशी कुणी हा फोन उघडंल, त्या दिवशी तुझा रणजीत दुसऱ्यांदा मरंल."

हे वाक्य कौशल्याबाईंच्या काळजात रुतून बसलं होतं. एकदा कसंबसं सोसलं होतं. दुसऱ्यांदा नको.

आरतीची तयारी चालली होती तेवढ्यात रांग फाटली.

"आली बघा मास्तरीण!"

"संगं कोण हाय रं?"

"मोबाईलवाला युसुफ न्हाई का, देहूरोडचा. रणजीतच्या बरोबर आयटीआयला हुता."

सायली सरळ देव्हाऱ्यापाशी आली. तिच्या मागं युसुफ, हातात पत्र्याचा डबा धरून. रणजीत गेला त्या दिवशी हाच युसुफ अंगणात सगळ्यांना पाणी देत फिरत होता. त्याला घरात येताना कुणी अडवलं नाही.

"सूनबाई, चपला बाहेर काढल्यात ना?" कोंडीराम गोड आवाजात म्हणाला. "मन बी तिथंच काढून ठेवायचं होतं. शंका घेऊन आत आलं की आत्मा नाराज होतो."

"शंका नाही, महाराज, विनंती आहे," सायली म्हणाली. "माझ्या नवऱ्याचा जीव ह्यात आहे म्हणता. मग तो असा ताटात का? छातीशी धरा. कफनीच्या आतल्या खिशात ठेवा आणि आरती होईपर्यंत तसेच उभे राहा. वायर लांब आहे, पोचेल."

"व्हय की!" रांगेतून सावित्रीबाई म्हणाल्या. त्या शेजारच्या, रोज पहिल्या आरतीला हजर. "महाराज, घ्या की पोराला पोटाशी!"

कोंडीरामानं हात पुढं केला. बोटं फोनपासून वीतभर अंतरावर थांबली, आणि तिथूनच मागं फिरली.

"मला सोवळं हाय आज."

"सोवळ्यात तर जास्तच चालतंय!" सावित्रीबाई म्हणाल्या.

"हे बघा, आत्म्याला धक्का लागंल—"

"कुणाला धक्का लागेल ते सांगू का?" युसुफ म्हणाला. "पावसाळ्यात ह्यांचा स्वतःचा फोन असाच फुगला होता. माझ्या दुकानात आले होते. हातात धरायला तयार नव्हते, पिशवीत घालून आणला होता. 'काढ लवकर, राव, फुटंल, आग लागंल,' म्हणून काउंटरपुढं नाचत होते. मीच बदलून दिली बॅटरी. चांगला चालतोय अजून. त्यांच्या कंबरेलाच असेल."

सगळ्यांच्या नजरा कोंडीरामाच्या कंबरेकडं गेल्या आणि त्याचा हातही आपसूक तिकडंच गेला.

"मग तुमच्यात कोण शिरलं होतं, महाराज?" सावित्रीबाईंनी विचारलं. मागची पोरं फिसकन हसली.

युसुफनं डबा खाली ठेवला. डब्यात वाळू होती. वाळूतून त्यानं चिमट्यानं एकेक वस्तू वर काढली. चंदेरी पिशव्यांसारख्या जुन्या बॅटऱ्या, उशा फुगाव्यात तशा फुगलेल्या.

"ही तळवड्याच्या रिक्षावाल्याची. ही हिंजवडीत कामाला जाणाऱ्या एका मॅडमची. ही आमच्या अम्मीची. अम्मीनं आज सकाळीच मला झापलंय, एकदम ठणठणीत आहे. काकू, फुगणं म्हणजे जीव येणं असतं, तर ही सगळी माणसं मरायला पाहिजे होती."

कोंडीरामानं आवाज चढवला. "तो कचरा हाय! ह्या फोनाची गोष्ट न्यारी! तो उघडतो का सांगा? का उघडत न्हाई? आत कुणीतरी हाय म्हणूनच!"

"गोंदानं चिकटवलाय म्हणून," सायली म्हणाली.

ती कौशल्याबाईंच्या शेजारी मांडी घालून बसली. त्यांच्या कनवटीला त्यांचा बटणांचा फोन होता, तो तिनं मागून घेतला. मागच्या झाकणात नख घातलं; झाकण टक्कन निघालं. बॅटरी काढून तिनं सासूच्या तळहातावर ठेवली.

"हा गेला का, आई?"

"बंद पडला."

"तुमच्या माहेरचा नंबर, सावित्रीमावशींचा नंबर, गेले?"

सायलीनं बॅटरी परत घातली, फोन चालू केला आणि एकेक नाव वाचून दाखवलं. सगळी होती.

"नंबर बॅटरीत नसतात. आवाजही नसतो. तो आत दुसऱ्या पट्टीवर असतो. बॅटरी म्हणजे ह्या दिव्यातलं तेल. जुनी झाली, सारखी चार्जिंगला राहिली, त्यात शेजारी दिव्याची धग, की ती आतून नासते. नासली की आत वायू धरतो, आणि फुगते. तुमच्या-माझ्या फोनचीही फुगेल. पूर्वी झाकण नखानं निघायचं, त्यामुळं आत काय आहे ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. आता सगळं बंद करून टाकलंय. आणि जे उघडत नाही, त्यात देव बसवायला सोपं जातं."

रांगेत कुजबुज झाली. नानासाहेब इतका वेळ दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. ते पुढं आले आणि कोंडीरामाला म्हणाले, "तू आता जा. जागा न्हाई भेटायची." एवढंच. कोंडीराम कुणाच्या नजरेला नजर न देता माणसांतून वाट काढत निघून गेला. त्याला कुणी मारलं नाही, अडवलंही नाही.

पण कौशल्याबाईंनी फोनवर पदर टाकला होता.

"समदं कळलं मला," त्या म्हणाल्या. "कळलं म्हणूनशान पिन काढवंल का? तुमी समदे खरं बोलताय. पर तो आत हाय असं वाटायचं गं मला. सकाळी हात लावला की ऊन लागायचा."

सायलीचा इतका वेळ ताठ असलेला आवाज तिथं मोडला.

"आई, तुमच्याशी तो भरभरून बोलायचा. ते सगळं ह्यात आहे. माझ्याशी फोनवर कधी धड बोललाच नाही. 'येतोय' म्हणायचा आणि ठेवायचा. मला तेवढं 'येतोय' तरी ऐकायचंय. हा पेटला तर तेही जळून जाईल. घरासकट."

मग कौशल्याबाईंनी पदर बाजूला केला. वायर धरली. दुसरा हात फोनवर ठेवला, आणि पिन ओढली. पडदा काळा झाला. ह्या वेळी कुणी किंचाळलं नाही.

युसुफनं फोन अंगणात ओट्यावर नेला. पोरांना लांब उभं केलं. फटीत गोंद सुटायच्या औषधाचे थेंब सोडले, प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवत सरकवत पाठ मोकळी केली. आतून तशीच एक फुगलेली चंदेरी पिशवी निघाली. डब्यातल्या बाकीच्यांसारखीच. रिक्षावाल्याच्या आणि अम्मीच्या पिशवीत नि हिच्यात तसूभर फरक नव्हता. त्यानं ती अलगद वाळूत पुरली, बरोबर आणलेली नवी बॅटरी बसवली आणि बटण दाबून धरलं.

फोन चालू झाला. वायरीशिवाय.

युसुफनं तो दोन्ही हातांनी कौशल्याबाईंना दिला. मोकळा, थंड फोन. त्यांनी शोधून एक कॉल लावला.

"आई, आज उशीर होईल गं, ओव्हरटाइम लागलाय."

"भाकरी ठेवू का झाकून?" हा त्यांचाच आवाज.

"नको, तू खाऊन घे."

तो संपला. कौशल्याबाईंनी फोन तोंडाजवळ नेला आणि हळूच विचारलं, "रणजीत, कधी येतूस?"

अंगणात सगळे ऐकत उभे होते. फोनातून काही आलं नाही.

"तेव्हाच्याच सवालाचं उत्तर देतोय त्यो," त्या सायलीला म्हणाल्या. "आत्ताच्या न्हाई." आणि मग त्या रडल्या. रणजीत गेला त्या दिवशी रडल्या नव्हत्या, तेराव्याला रडल्या नव्हत्या. सायलीनं त्यांना धरलं. रांगेतली माणसं चपला शोधत, खाली मान घालून, एकेक करून निघून गेली. टपरीवाल्यानं शेगडी विझवली.

त्याच संध्याकाळी सायलीनं सगळी रेकॉर्डिंग आपल्या फोनात आणि शाळेच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. तिला तिचे 'येतोय' सापडले. ती त्या रात्री माहेरी गेली नाही.

ह्या गोष्टीचा शेवट इथं व्हायला हवा होता. पण चमत्काराचा व्हिडिओ कुणीतरी काढून सगळीकडं पसरवला होता, आणि तो खोटा ठरल्याचा व्हिडिओ कुणी केला नव्हता.

पुढच्याच आठवड्यात दारात एक गाडी थांबली. पन्नाशीचा एक गृहस्थ उतरला. इस्त्रीचा शर्ट, दाढी मात्र वाढलेली. वाकडच्या एका टॉवरमध्ये राहतो म्हणाला. त्याच्या हातात गुलाबी कव्हरचा फोन होता. कव्हरवर मांजरांची चित्रं चिकटवलेली. फोनला पॉवर बँक जोडलेली होती. पाठ फुगून कव्हर एका बाजूनं सुटलं होतं.

"महाराज इथंच असतात ना?"

"कुणाचा ह्यो?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"मुलीचा. कॉलेजात होती."

कौशल्याबाईंनी त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. "तुमी काय करता?"

"इंजिनियर आहे." त्यानं फोनची फुगलेली कड बोटानं दाखवली. "मला ठाऊक आहे हो, काकू. बॅटरी आहे ती. आत वायू होतो. मी स्वतः ऑफिसात लोकांना सांगत असतो, फुगली की लगेच बदला म्हणून. तरी तुमचा व्हिडिओ बघितला, आणि गाडी काढून निघालो."

तो त्यांच्याकडं बघत राहिला. एक 'व्हय' म्हटलं असतं तरी त्याला पुरलं असतं. त्या 'व्हय'ची गोडी कौशल्याबाईंइतकी कुणाला ठाऊक होती? सकाळी उठून कोमट फोनाला हात लावण्यातलं सुख त्यांनी भोगलं होतं. ते ह्या माणसाच्या हातातून आता त्यांनाच काढून घ्यायचं होतं. त्यांनी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. परत उघडलं आणि परत मिटलं.

"न्हाई हो," शेवटी त्या म्हणाल्या. "त्यात कुणी न्हाई. माझ्या बी त्यात कुणी नव्हतं."

त्यानं मान हलवली, कुणी आधीच माहीत असलेली गोष्ट सांगावी तशी. मग त्यानं हातांत तोंड लपवलं. फोन मांडीवरून घसरला, तो कौशल्याबाईंनी धरला. चांगलाच तापला होता.

"आधी ती पिन काढा," त्या म्हणाल्या. "तुमचं तुमीच काढा, म्या बसलीया हितं. मग आमची सून तुम्हास्नी देहूरोडला युसुफच्या दुकानात घिऊन जाईल. पोरीचं फोटू, आवाज, समदं ऱ्हाईल. पोर तेवढी येणार न्हाई."

त्यानं पिन काढली.

तुमच्या घरी असा फुगलेला फोन असेल तर तो दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. जाणत्या माणसाकडून बॅटरी बदलून घ्या. तोच फोन पुढं कितीतरी वर्षं चालेल. आतले आवाज आणि फोटो आजच दुसरीकडं उतरवून ठेवा. नवा फोन घेताना दुकानदाराला विचारा, हा उघडतो का, ह्याची बॅटरी बदलता येते का. जी वस्तू उघडून बघता येते, तिच्या नावानं फसवणं अवघड असतं. आणि गेलेल्या माणसासाठी रडायचं असेल तर मोकळं रडा, त्यासाठी चमत्कार लागत नाही. खरं सांगताना कौशल्याबाईंचं तोंड दोनदा मिटलं. तुमच्या दारी कुणी असाच आला, तर त्याला पहिल्या खेपेलाच खरं सांगा, आणि सांगून झाल्यावर त्याच्याजवळ बसा.